नऊ खाडे

वडोदरा, बुधवार

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा सापडत नव्हता. एवढं लांब उत्तर मला अंगठ्यानं लिहिता येणार नाही, म्हणून कागद घेतलाय. वरच्या मजल्यावरचा मुलगा फोटो काढून तुला पाठवील.

आत्याबरोबर नारेश्वरला, रंग अवधूतांच्या स्थानी गेलीस. आरतीला सगळ्यांचे डोळे भरून आले, शेजारच्या बाईंना हुंदका आवरेना, आणि तू आपली कोरडी उभी. मनात काय, तर गाडी उन्हात लावलीय आणि मागून कुणी अडवली तर निघणार कसं! आता विचारतेस, "काका, माझ्यात काही कमी आहे का? आजीला तिथं काय दिसत होतं, ते मला का दिसत नाही?"

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. नाही, काही कमी नाही. गाडीची काळजी मलाही असते. दुसऱ्याला मात्र वेळ लागेल. मला स्वतःला त्याला बरीच वर्षं लागली, आणि सुरुवात झाली ती दुधाच्या बिलावरून.

तुझी आजी आणि माझी आई दांडिया बाजारातल्या एकाच वाड्यात समोरासमोर राहायच्या, हे तुला माहीत आहे. गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर दत्तबावनी, म्हणजे दत्ताचं गुजराती स्तोत्र, व्हायची. घरातली भांडणं मराठीत आणि देवाशी बोलणं गुजरातीत, असा आमच्याकडचा मामला. आईला गुजराती लिपी अडखळत वाचता यायची, म्हणून तिनं त्या बावन्न ओळी एका वहीत बाळबोध अक्षरांत उतरवून घेतल्या होत्या. उच्चार सगळे आपले, मराठी. गुजराती शेजारणी हसायच्या आणि पुढच्या ओळीला आवाज मिसळायच्या.

ती बावनी लिहिणारेही मूळचे आपल्याकडचेच. पांडुरंग विठ्ठल वळामे. घराणं रत्नागिरीकडचं, जन्म गोध्र्याचा, १८९८चा. असहकाराच्या चळवळीत कॉलेज सोडलं, काही काळ शिक्षक होते, मग नर्मदेच्या काठी नारेश्वरला जाऊन राहिले आणि रंग अवधूत झाले. भक्तांचे बापजी. दत्तबावनी १९३५ची. त्यांचे गुरू म्हणजे वासुदेवानंद सरस्वती, टेंबे स्वामी. माणगावचे, सावंतवाडीकडचे. जन्म १८५४, आणि १९१४ साली समाधी घेतली ती इथं आपल्या गुजरातेत, गरुडेश्वरला. बापजींना त्यांचं दर्शन झालं ते नरसोबावाडीला, अगदी लहानपणी. पोराचं वय ते काय! पण त्या दर्शनावर माणसानं अख्खा जन्म काढला. वर्षानुवर्षं पायाशी बसून शिकवणी झाली, असला काही प्रकार नाही. हे नीट लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

नारेश्वरच्या त्या कडुनिंबाबद्दल आत्यानं तुला सांगितलं असेलच. बापजी ज्याच्याखाली बसत, त्याची पानं कडू लागत नाहीत म्हणतात. तू विचारशील, काका, तुम्ही चाखलीत का? नाही चाखली. आईनंही कधी चाखली नाही, आणि ती पन्नास वेळा तरी गेली असेल.

नोव्हेंबर १९६८मध्ये बापजींनी हरिद्वारला देह ठेवला तेव्हा मी तेरा वर्षांचा. देह नारेश्वरला आणणार अशी बातमी आली आणि वाड्यातली निम्मी माणसं निघाली. वडील गेले, तुझी आजी गेली. धाकट्या बहिणीला गोवर आला होता म्हणून आई थांबली. मला वाटलं, आता ही कोसळणार. तिनं पोळ्या लाटल्या, बहिणीच्या कपाळावरची पट्टी बदलली, रात्री दिवा लावून एकटीनं बावनी म्हटली आणि झोपली. एक टिपूस नाही. मी अंथरुणात पडून मनाशी ठरवून टाकलं की हिचं सगळं वरवरचं आहे. खरी भक्त तुझी आजी, जी रडत रडत गाडीत बसली.

बघ, मी तेव्हा आईचे अश्रू मोजत होतो. तू आता स्वतःचे मोजतेयस.

आता दुधाचं. साल १९७८. मी नुकता नोकरीला लागलो होतो, हिशेब खात्यात. पहिले सहा महिने माणूस जगातल्या सगळ्यांचे हिशेब तपासतो, तशी अवस्था. घरी दूध घालायला एक भरवाड, म्हणजे इकडचा गवळी, यायचा. उंच, कानात बाळी, बोलणं कमी. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात, वरच्या कोपऱ्यात दूध मांडायची: १, कधी पाहुणे असले तर १॥. काही चौकोनांत खालच्या बाजूला शाईचा एक बारीक ठिपका असायचा. महिनाअखेर मी कॅलेंडर काढून बसलो आणि ठिपके मोजले. नऊ. म्हणजे नऊ खाडे, आणि हा बाबा पैसे मागतोय पूर्ण महिन्याचे!

जिन्यातच धरलं त्याला. काय काय बोललो, ते लिहीत नाही. आवाज चढला तशी दारं उघडली. तो एवढंच म्हणाला, "बेनने पूछो." बाईंना विचारा. आई कणकेच्या हातांनी बाहेर आली, कॅलेंडर बघितलं, आणि आधी त्याच्याकडे वळून हात जोडले. मग मला म्हणाली, "ते खाडे त्याचे नाहीत. माझे आहेत."

मला काही कळेना. पैसे देऊन त्याला वाटेला लावलं. आत आल्यावर विचारलं, तुझे कसले खाडे? ती पुन्हा कणीक मळायला लागली होती. म्हणाली, कुणाला टाकून बोलले, खोटं बोलले, किंवा दारात आलेल्याला उगाच ताटकळत ठेवलं, त्या दिवशी ठिपका देते. गुरुवारी बावनी झाली की आठवड्याची ओळ बापजींना दाखवते.

मी तेवीस वर्षांचा. म्हटलं, "अगं, त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. तुझे खाडे मोजायला कोण बसलंय?"

तिचं उत्तर मला अजून शब्दाला शब्द आठवतं. "दूधवाला आला नाही तर खाडा का म्हणतो आपण? घरात कुणीतरी भांडं घेऊन वाट बघत असतं म्हणून. वाट बघणारंच कुणी नसेल, तर मग ती नुसती सुट्टी."

त्या रात्री तिनं त्या दिवसाच्या चौकोनात ठिपका दिला. मी म्हटलं, ओरडलो मी, ठिपका तुझा कसा? तर म्हणे, "मी तुला सांगून ठेवलं असतं तर तू त्याला बोलला असतास का?" आणि मग, जरा चिडूनच, "परस्परदेवो भव म्हणजे काय वाटलं तुला, भिंतीवर लावायची पाटी?" बापजींनी दिलेलं हे वाक्य तू नारेश्वरला जागोजागी वाचलं असशील. मी त्या दिवशी ते पहिल्यांदा नीट वाचलं. एकमेकांना देव माना. त्यात भरवाडही आला, हे मला जिन्यात सुचलं नव्हतं.

बेटा, आजीला तिथं काय दिसत होतं, असं तू विचारतेस. तिच्या मनातलं मी कसं सांगू? पण माझ्या आईपुरतं सांगतो. तिला कुणीतरी वाट बघताना दिसत होतं. वाट बघणारा असला की माणसाला आपली गैरहजेरी कळते. सबंध दिवस घरात असून, सगळी कामं उरकूनही आपण हजर नव्हतो, हे कळतं. तिची गुरुभक्ती मी जी पाहिली, ती जवळजवळ एवढीच. मागणं मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. बहिणीचं लग्न जमत नव्हतं तेव्हाही नाही. तेव्हा ती स्थळं बघायला बसनं सुरतेपर्यंत जायची.

आम्हा हिशेबवाल्यांना नाथांची गोष्ट फार प्रिय. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे एकनाथ हिशेब ठेवत. एकदा एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर बसले, आणि पहाटे सापडली तशी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, पैची चूक सापडली तर एवढा आनंद. संसाराची चूक सापडली तर? कीर्तनकार इथं थांबतात आणि लोक माना डोलावतात. मला मात्र कायम दुसरंच जाणवतं. शिष्य दिव्याशी बसून आकडे तपासतोय, आणि टाळी वाजली तेव्हा गुरूही तिथंच, जागा. झोप म्हणून दामटलं नाही, चूक काढून दिली नाही. वाट बघितली.

आता जरा कडू लिहितो. आत्या तुला येत्या दत्तजयंतीला कुणाकडून तरी अनुग्रह घ्यायला सांगतेय, हे तू शेवटच्या ओळीत घुसडलंस. मुद्द्याची गोष्ट माणसं नेहमी शेवटच्या ओळीतच लिहितात. म्हणून माझं एक प्रकरण ऐक. हे तुझ्या काकूशिवाय कुणाला माहीत नाही.

आईचं बघून मलाही वाटायला लागलं की आपल्यालाही गुरू हवा. बापजी गेलेले, मला जिवंत हवा होता, समोर बोलणारा. एक मिळाले. नाव आणि गाव सांगत नाही. वाणी गोड, गर्दी मोठी, आणि मी हिशेबातला म्हणून वर्षभरात त्यांच्या वह्या माझ्याकडे. रोख यायची, पावती नसायची. मी विचारलं तर एका ज्येष्ठ शिष्यानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, शंका ही श्रद्धेला लागलेली कीड. आणि मी गप्प बसलो! कचेरीत चार आण्यांच्या व्हाउचरसाठी माणसं उभी करणारा मी, तिथं दीड वर्ष बिनपावतीच्या रकमा 'इतर' म्हणून लिहीत राहिलो. डोळे मात्र तिथं आरतीला भरून यायचे हं. भरपूर.

आईनं कधी टीका केली नाही. एकदा फक्त विचारलं, "तिथं तुला विचारता येतं का रे?"

गीतेच्या चौथ्या अध्यायातला चौतिसावा श्लोक मला पाठ होता. ज्ञान मिळवायचं कसं, तर प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया. नमस्कार, प्रश्न आणि सेवा. मी नमस्कार करत होतो, सेवा तर रात्री जागून करत होतो, आणि मधला शब्द गिळून टाकला होता. दुसऱ्या महिन्यात वह्या परत दिल्या. किल्ल्या टेबलावर ठेवताना हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. शाप-बीप लागेल असंही वाटत होतं. समर्थांनी दासबोधात लिहिलंय की शिष्याला साधन न लावणारे, इंद्रियदमन न करवणारे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकावेत. अडका म्हणजे तेव्हाचं अगदी फुटकळ नाणं. समर्थांनी भाव सांगून ठेवला होता. मी फार जास्त मोजले.

त्या महिन्यापासून मीही ठिपके द्यायला लागलो.

तेव्हा दत्तजयंतीची घाई नको. ज्यांच्याकडून अनुग्रह घ्यायचा त्यांना वर्षभर बघ. त्यांच्यापेक्षा त्यांच्या सर्वांत जुन्या शिष्याच्या घरच्यांना भेट. बायकोला विचार, सुनेला विचार, इतक्या वर्षांत घरातला माणूस जरा मऊ झाला का. प्रश्न विचारून बघ आणि चेहरा बघ. पैशाला पावती आहे का बघ. औषधं बंद करा म्हणणारा, घरच्यांपासून तोडणारा, बाईमाणसाला एकटीला बोलावणारा असेल तर चप्पल घालायलाही थांबू नकोस, तशीच नीघ. आणि आत्याला वाईट वाटलं तर वाटू दे. तिची समजूत मी काढीन.

तू शिकलेली मुलगी. तुझ्या मनात आणखी एक आहे ते तू लिहिलं नाहीस, पण मागं एकदा बोलली होतीस: माझ्यापेक्षा कमी शिकलेल्या माणसापुढं मी का वाकू? याचं उत्तर आपल्याच गल्लीत घडून गेलंय. अरविंद घोष इथं १८९३ ते १९०६ नोकरीला होते. केंब्रिजला शिकलेले, ग्रीक-लॅटिन येणारे. १९०७च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस फुटली, आणि तिथून ते बडोद्याला आले. ध्यानात काहीतरी अडलं होतं. तेव्हा त्यांची गाठ पडली विष्णु भास्कर लेले नावाच्या एका मराठी साधकाशी. मग सरदार मुजुमदारांच्या वाड्यात, माडीवरच्या एका खोलीत, दोघं तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार बाहेरून येताना दिसतील, आत येऊ देऊ नका. अरविंदांचं मन तीन दिवसांत शांत झालं, ते पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. पुढं एका पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं की बुद्धी, शिक्षण, कुवत या सगळ्यात तो माणूस माझ्यापेक्षा पुष्कळच कमी होता, आध्यात्मिकदृष्ट्याही पूर्ण नव्हता. पण त्याच्यामागं काहीतरी आहे हे दिसलं आणि मदत घ्यायचं ठरवलं, तेव्हा स्वतःला पूर्णपणे त्याच्या हाती दिलं.

हे वाकणं मला आवडतं. डोळे उघडे ठेवून वाकलेला माणूस. आणि त्याहून आवडतात ते लेले. एवढा मोठा शिष्य हाती लागलेला, दुसरा कुणी असता तर गळ्यात ताईत करून मिरवला असता. लेल्यांनी निरोप घेताना त्यांना सांगितलं, आता तुमच्या आत जो आहे त्याच्या हाती स्वतःला द्या. बाजूला झाले. पुढं दोघांचं पटेनासंही झालं, पण त्या तीन दिवसांचं ऋण अरविंदांनी कधी नाकारलं नाही. दांडिया बाजारातनं इतकी वर्षं मी भाजी घेऊन येतो-जातो. बायका शेंगांचा भाव करतात, रिक्षावाले हॉर्न वाजवतात, आणि इथंच कुठंतरी माडीवर हे झालं, हे आठवलं की पिशवी या हातातनं त्या हातात घेतो.

कोरडेपणाबद्दल मात्र घाबरू नकोस. गुरुचरित्राची पोथी आजीची तुझ्याकडेच आहे ना? तिचा चाळिसावा अध्याय काढ. नरहरी नावाचा कुष्ठ झालेला ब्राह्मण गाणगापूरला येतो. श्रीगुरू त्याला औदुंबराचं वाळकं लाकूड देतात आणि सांगतात, संगमावर रोव आणि पाणी घाल. पालवी फुटेल. तो घालत बसतो. लोक हसतात, वेडा म्हणतात, श्रीगुरूंकडे येऊन तक्रारही करतात. शेवटी लाकडाला पालवी फुटते, तो बरा होतो. चमत्कार तुला पटतो की नाही, तो तुझा प्रश्न. मी तुला मधले दिवस बघ म्हणतोय. पाणी घालताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं का, हे कुणी विचारलं नाही. घागर भरत होती, रिकामी होत होती. आणि श्रीगुरू स्वतः बघायला आले, ही ओळ वाचताना माझी आई दर वेळी थांबायची. मला वाटायचं, तिला श्वास लागला.

एक कर. गुरुवारची, उत्सवाची गर्दी टाळून साध्या दिवशी नारेश्वरला जा. आत गेल्या गेल्या डोळे मिटू नकोस, जमत नसेल तर हातही जोडू नकोस. बापजींच्या आईचं स्मारक आहे तिथं, मातृशैल, ते बघ. संन्याशासारखा राहिलेला माणूस आईला शेवटपर्यंत सांभाळत होता. मग नर्मदेच्या पायऱ्यांवर बस. काही वाटलं तर वाटलं. नाही वाटलं तर लीलो चेवडो खा आणि परत ये. गरुडेश्वरलाही नेईन तुला थंडी पडल्यावर. सगळं गाव सरदार पटेलांचा पुतळा बघायला जातं, आणि तिथून जवळच टेंबे स्वामींची समाधी आहे, तिकडं गाड्या वळत नाहीत.

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. दूध पिशवीतलं येतं, मुलगा दाराला अडकवून जातो, पैसे मोबाइलवर. कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला काही उरलं नाही. खालचा कोपरा मात्र या महिन्यात आजच्या तारखेपर्यंत सहा झालाय. त्यातला एक तुझा. तुझा मेसेज येऊन बावीस दिवस झाले आणि मी रोज 'उद्या लिहू' म्हणत होतो.

मंगळवारी तुला सुट्टी आहे असं आत्या म्हणाली. सकाळी सहाला खाली उभी राहा. साठेक किलोमीटर आहे, करजणला चहा घेऊ. गाडी सावलीत कुठं लावायची, ते मला माहीत आहे.

तुझा,
दांडिया बाजारचा काका